दिवसा चावणारे आणि रात्री चावणारे डास वेगळे असतात का? त्यांच्यापासून कोणते आजार होतात?

हो, वेगळे. आणि चावते ती फक्त मादी. अंडी घालण्यासाठी तिला रक्त लागतं. नर बिचारा फुलांच्या रसावर जगतो.

दिवसा पायाला, घोट्यापाशी गुपचूप चावून जातो तो एडिस. काळा, पायांवर पांढरे पट्टे. सकाळी आणि सूर्यास्ताआधी जास्त सक्रिय. डेंग्यू, चिकुनगुनिया, झिका याच्यामुळे. माझ्या मते सगळ्यात चिवट हाच. कुंडीखालच्या ताटलीतलं पाणीही त्याला पुरतं, आणि अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी कित्येक महिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, भांडं आतून घासावं लागतं.

मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलीस संध्याकाळनंतर ते पहाटेपर्यंत चावतो. भिंतीवर बसला की शेपटाकडची बाजू वर, डोकं खाली. तिरका दिसला की समजायचं. मलेरियाचे जंतू डासाच्या पोटात ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये सापडले.

रात्री कानाशी गुणगुणणारा बहुधा क्युलेक्स. गटारं, तुंबलेलं घाण पाणी हे त्याचं घर. हत्तीरोग आणि जपानी मेंदूज्वर त्याच्याकडून होऊ शकतात.

ताप दोन दिवसांत उतरला नाही तर रक्त तपासून घ्या. डेंग्यूची शंका असेल तर अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो.