सह्या घेण्याआधी

प्रिय मुली,

पुनर्विकासासाठी सोसायटीतली घरं रिकामी करण्याचं काम कमिटीने तुझ्यावर सोपवलं, हे वाचून बरं वाटलं आणि काळजीही वाटली. वाशीतल्या सिडकोच्या जुन्या इमारती मी आतून पाहिल्या आहेत. स्लॅबचं प्लास्टर पडतं, गंजलेल्या सळया दिसतात. तिथल्या माणसांना ‘इमारत पाडायला हवी’ हे समजावावं लागत नाही. त्यांचा प्रश्न एवढाच असतो: जायचं कुठे आणि कधी?

४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकास ठरवणाऱ्या सभेला दोन तृतीयांश सभासद हजर लागतात आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. ती मिळाली की कमिटीला वाटतं, लोकांना विचारून झालं. आमच्या कमिटीलाही तसंच वाटलं होतं. चौघांनी बसून तारीख ठरवली, डिसेंबरची. तळमजल्यावरच्या एका काकांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असायचं. त्यांना कोपरखैरण्यात लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तात्पुरतं घर मिळालं. मुलगा आणि शेजारी त्यांना खुर्चीत बसवून खाली आणायचे. आधी विचारलं असतं, तर तळमजल्याची दोन-तीन घरं आम्हीच शोधून ठेवली असती. ते मला अजून खुपतं.

म्हणून सभेआधी दारोदार जा. रात्री आठनंतर, लोकलने माणसं घरी पोचल्यावर. घरातल्या बायकांशी वेगळं बोल, कारण पुरुष भाड्याचा आकडा सांगतात आणि त्या बाकीचं सगळं. मूल कितवीत आहे, दहावी-बारावी आहे का, जिना कोणाला चढवत नाही, शेजारच्या आजींना संध्याकाळी कोण बघतं, डबे करणारीची गिऱ्हाइकं कुठली. लिहून घे आणि दुसऱ्या फेरीत त्यांनाच वाचून दाखव; निम्म्या चुका तिथेच सापडतील. भाडेकरूंचं दारही वाजव. त्यांना मत नाही, पण सामान त्यांनाही हलवायचं आहे आणि मालक त्यांना शेवटच्या आठवड्यात सांगतात.

तारीख शक्यतो परीक्षा संपल्यावरची आणि पावसाआधीची धर. इमारत अतिधोकादायक ठरली असेल तर मात्र थांबू नकोस.

नवी इमारत होईपर्यंत बिल्डर जे भाडं देतो, त्याबद्दल सावध राहा. तीन-चार इमारती एकदम रिकाम्या झाल्या की आसपासची भाडी चढतात. सभेच्या दिवशी पुरेसा वाटलेला आकडा घर सोडताना कमी पडतो. दरवर्षीची वाढ, दलाली, जाता-येता दोन्ही वेळचा सामानाचा खर्च, पुढच्या तारखांचे चेक हे सगळं नोंदणीकृत करारात हवं. बिल्डर तोंडी ‘बघू’ म्हणाला तर ते लगेच इतिवृत्तात लिहून घे.

दारं फिरून झाली की कच्ची यादी घेऊन ये. रविवारी दुपारी मी घरीच असते. जिना न चढवणाऱ्यांची नावं आधी लिही, त्यांच्यापासून सुरुवात करू.

तुझी,
मावशी