पायलटची चूक म्हटलं की विषय संपत नाही

ताई, तुम्ही विचारलंय की चार्टर, म्हणजे अख्खं भाड्याने घेतलेलं विमान पडलं, माणसं गेली, पायलटही गेला आणि कंपनी म्हणते चूक पायलटची, तर मग नातेवाइकांनी धरायचं कोणाला. माझी नोकरी इथे नाशिकजवळ ओझरला विमानांच्या मेंटेनन्समध्येच झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही, त्यामुळे त्याच्या माथी मारणं सगळ्यांच्याच सोयीचं असतं. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये ब्राझीलची शापेकोएन्से फुटबॉल टीम घेऊन जाणारं लामिया कंपनीचं चार्टर कोलंबियात मेडेलिनजवळ पडलं, ७७ पैकी ७१ जण गेले. कारण काय, तर इंधन संपलं. पण ते हवेत अचानक संपलं नाही हो, निघतानाच्या फ्लाइट प्लॅनमध्ये उड्डाणाचा वेळ ४ तास २२ मिनिटं आणि टाकीतलं इंधन पुरणार तेही ४ तास २२ मिनिटं, म्हणजे राखीव शून्य, आणि तो कागद विमानतळावर दाखल झाला, त्यावर शंका निघाली तरी विमान उडालंच. पायलट स्वतः कंपनीत भागीदार होता, म्हणजे वाटेत उतरून इंधन भरायचा खर्च वाचवणारा आणि निर्णय घेणारा एकच माणूस. पुढे कंपनीच्या प्रमुखाला अटक झाली, आणि विम्याचा हप्ताच भरलेला नव्हता असं निघालं, तेव्हा त्या घरांनी काय करायचं सांगा. मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते.

आपल्याकडे एएआयबीची, म्हणजे सरकारच्या विमान अपघात तपास विभागाची चौकशी होते, पण नियमांत स्पष्ट आहे की ती पुढचे अपघात टाळायला असते, दोषी ठरवायला नाही. म्हणून नुसती रिपोर्टची वाट बघत बसू नका. निष्काळजीपणाने मृत्यू म्हणून पोलिसांत गुन्हा, म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, ही वेगळी वाट आणि भरपाईचा दावा ही तिसरी. भरपाई आधी ऑपरेटरकडे, म्हणजे ज्याच्या नावावर डीजीसीएचं, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचं, विमान चालवायचं परमिट आहे त्याच्याकडे मागायची. बुकिंग करून देणारा एजंट बहुतेक वेळा ऑपरेटर नसतो, बिल मात्र त्याच्या नावाचं असतं, इथेच लोक फसतात.

वकिलाला टेक लॉग मागायला लावा. प्रत्येक विमानाच्या त्या वहीत पायलट बिघाड लिहितो आणि इंजिनिअर दुरुस्ती करून किंवा नियमात बसत असेल तर पुढे ढकलून सही करतो. एकच बिघाड पुन्हा पुन्हा लिहिलेला दिसला आणि प्रत्येक वेळी "तपासले, ठीक आहे" एवढंच उत्तर असेल, तर प्रश्न कॉकपिटमधून निघून ऑफिसात पोचतो.

जमिनीवरच्या माणसाचं विसरू नका, २०१८ ला मुंबईत घाटकोपरला किंग एअर हे छोटं विमान पडलं तेव्हा रस्त्यावरून जाणाराही एक गेला होता, त्याच्याकडे कुठलं तिकीट असणार, पण हक्क त्याच्या घरच्यांचाही आहेच.

आणि आता कुंभमेळ्यासाठी ओझरला चार्टर वाढणार, तर बुक करणाऱ्यांनी ऑपरेटरचं परमिट आणि चालू विम्याची कॉपी आधीच मागून घ्या. द्यायला टाळाटाळ केली तर दुसरा बघा.