फुग्याची पेटी आणि बारावी

प्रश्न: माझा मुलगा अकरावी सायन्सला आहे. डिसेंबरात त्यांच्या गटाने रीतसर परवानग्या काढून हवामानाचा फुगा सोडला. 18 किलोमीटर उंचीवर फुग्याला बांधलेल्या उपकरणांच्या पेटीचा ठावठिकाणा लागेनासा झाला. तीन आठवड्यांनी कर्नाटकातल्या एका शेतकऱ्याने पेटीवरचा नंबर बघून फोन केला. तेव्हापासून हा रात्र रात्र त्या पेटीशी खटपट करतो. बारावी तोंडावर आहे. हे खूळ कसं काढू?
– एक आई, डिचोली (गोवा)

उत्तर: ताई, काढू नका. आधी एक रात्र त्याच्याजवळ बसा आणि तो नेमकं काय शोधतोय ते विचारा.

तुमच्या पत्रातल्या 18 किलोमीटरवर माझी नजर अडकली. बऱ्याच जीपीएस मॉड्यूलना तेवढ्याच उंचीची मर्यादा असते; ‘फ्लाइट मोड’ (फोनमधला नव्हे, मॉड्यूलचं उंच उड्डाणासाठीचं सेटिंग) लावला नाही तर पुढे ती मुकी होतात. पण फुगा फुटून पेटी पॅराशूटने खाली येताना जागा पुन्हा कळायला हवी होती. का कळली नाही? आपल्या डोक्यावर 16-17 किलोमीटरवर हवा उणे 80 अंशांच्या आसपास असते. थंडीने बॅटरी बसली, की सह्याद्रीच्या आड रेडिओ पोचला नाही? फुगा वर जातोच हो, खरा अभ्यास पेटी शोधताना होतो.

बॅटरी-रेडिओत जीव रमत असेल, तर इलेक्ट्रॉनिक्स. फर्मागुढीचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज घराजवळ आहे. तिरुवनंतपुरमच्या अंतराळ संस्थेसाठी मात्र जेईई अ‍ॅडव्हान्स्ड द्यावी लागते, म्हणजे बारावीचं फिजिक्स-गणित टाळून चालणार नाही. हे त्याला स्पष्ट सांगा. हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेने रेडिओवरून संपर्क साधण्याचा, सरकारी परवाना वयाची 12 वर्षं पूर्ण झाली की मिळतो, तो सुट्टीत काढू दे.

पेटी कर्नाटकातच का गेली, पावसाळ्यात सोडली असती तर वरच्या पूर्वेच्या वाऱ्यांनी ती अरबी समुद्रात नेली असती का, असं तो विचारत असेल, तर वाट वेगळी: फिजिक्समध्ये बीएस्सी, मग पुण्याला किंवा कोचीला वातावरणशास्त्रात एमएस्सी. माझ्या मते या वाटेला आपली मुलं फार कमी वळतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

पुढचा फुगा बारावीनंतर. दाबोळी आणि मोप, दोन्हीकडे विमानं उतरतात. परवानगीत घाई चालत नाही. तोवर पणजीत आल्तिनोवरच्या हवामान केंद्राला त्याच्याच हाताने पत्र लिहायला लावा: तुम्ही फुगा सोडताना बघायला येऊ का?