दोन नवे मॉनिटर वीजबिलातून वसूल होतात का?

ताई, तुमचा प्रश्न असा की नाशिकला घरूनच डीटीपीचं काम, दोन जुने २२ इंची मॉनिटर, आत एलईडी नाही तर ट्यूबवाले, आणि दुकानदार म्हणतोय दोन्ही बदला, १८,००० होतील, नो कॉस्ट ईएमआय (बिनव्याजी म्हणवले जाणारे हप्ते) आहे, वीजबिलातूनच पैसे वसूल होतील.

त्याचं काय जातंय म्हणायला, आपण हिशोब करू. प्लगचा मीटर लावून रीडिंग पाठवलंत ते बेस्ट केलंत, कारण मागच्या स्टिकरवरचे अँपिअर हे जास्तीत जास्तचे असतात, रोज तेवढं खात नाही. तर एक मॉनिटर ४० वॉट, रोज ९ तास, ३०० दिवस, झाले १०८ युनिट. नवा २४ इंची १८ वॉटचा धरला तर ४९. वाचले ५९. तुमच्या बिलावरून शेवटचं युनिट वहन आकार, वीज शुल्क सगळं धरून १३ रुपयाला पडतंय (स्थिर आकार सोडून द्या, तो युनिट कमी झाले तरी तेवढाच लागतो) म्हणजे वर्षाला ७७० च्या आसपास, दोघांचे १५४०. आता १८,००० वसूल व्हायला साडेअकरा वर्षांच्या वर लागतात आणि वॉरंटी ३ वर्षं!

आणि नो कॉस्ट म्हणजे फुकट नाही हां, बहुतेकदा प्रोसेसिंग फी लागते, क्रेडिट कार्डावर घेतलं तर व्याजावर १८% जीएसटीही लागतो.

तुम्ही लिहिलंय की जेवताना, कस्टमरशी फोनवर बोलताना स्क्रीन चालूच राहते, स्क्रीनसेव्हर असतो. अहो, स्क्रीनसेव्हरने वीज वाचत नाही, मागची लाईट जळतच असते, मासे फिरोत नाहीतर घड्याळ. ५ मिनिटांनी डिस्प्ले बंद व्हायचं सेटिंग लावा. दिवसाचे २ तास जरी वाचले तरी दोन्ही मिळून ४८ युनिट, ६२४ रुपये, खर्च शून्य. रात्री मात्र स्टँडबायवर असेल तर स्विच बंद करायला धावू नका, अर्धा वॉट खातो तो.

डावीकडचा लुकलुकतो, रंग पिवळट दिसतात म्हणालात, तर तो बदला, लग्नपत्रिकेचा लाल छापून आल्यावर वेगळा निघाला तर एका रिप्रिंटमध्ये वर्षाची वीज जाईल. एकच घ्या, रोख घ्या. दुसरा मेल-फाईलींपुरता चालू दे.

उरलेल्या ९,००० मधले ३,००० काढून त्या खोलीतला जुना ७५ वॉटचा पंखा बदला, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा, साधारण ३० वॉटमध्ये चालतो. १२ तास, २५० दिवस धरले तरी १३५ युनिट, १७५५ रुपये. पावणेदोन वर्षांत वसूल. बाकीचे ६,००० यूपीएसच्या बॅटरीसाठी ठेवा, ती तीन वर्षांची झालीय असं तुम्हीच लिहिलंय.