साळुंक्याही लिहा, अण्णा

प्रश्न : उजनीच्या फुगवट्यालगतच्या गावात राहणारा मी निवृत्त शिक्षक. रोज सकाळी पाण्याकडे फेरी मारतो आणि दिसलेली पाखरं वहीत टिपतो. पुतण्या म्हणतो, 'अण्णा, हे ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका.' पण माझी नोंद अशी : '१२ जानेवारी, सकाळ. शेकाटे खूप. खंड्या १. साळुंक्या नेहमीच्या.' रोहित कधीतरीच. याचा कुणाला काय उपयोग?

उत्तर : अण्णा, मला तर त्या 'नेहमीच्या साळुंक्या'च हव्यात! दुर्मीळ पक्ष्याचा फोटो घेऊन धावत येणारे आमच्यात उदंड आहेत. साळुंकी-पारवे लिहायचा मात्र सगळ्यांना कंटाळा.

ई-बर्ड २००२ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेच्या पुढाकारानं सुरू झालं. भारतातलं काम 'बर्ड काउंट इंडिया' बघतं. आपल्याकडच्या हौशी लोकांच्या या नोंदींवरूनच २०२३चा देशातल्या पक्ष्यांचा अहवाल तयार झाला. तारेवर बसणारा आपला चास घटतोय, हे त्यात दिसलं. ते कळलं कसं? एका फेरीची एक यादी; अशा शंभर याद्यांपैकी किती याद्यांत चास आहे, हे वर्षागणिक ताडून. हा हिशेब पूर्ण यादीवरच जमतो. यादी पाठवताना विचारतात, ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का? पारवे गाळले असतील, तर प्रामाणिकपणे 'नाही' म्हणावं लागतं. मग त्या सकाळी चास दिसला नव्हता की लिहायचा राहिला, हे कुणाला कळणार?

तेव्हा उद्यापासून वहीत निघाल्याची वेळ, किती मिनिटं पाहिलं आणि किती चाललात, एवढं वाढवा. जागाही नेमकी हवी. नुसतं 'इंदापूर तालुका' नको. आणि 'खूप' हा आकडा नव्हे, मास्तर! दहा शेकाट्यांचा पुंजका नजरेत धरा, थव्यात असे किती पुंजके मावतात ते बघा. चौदा मावले, तर १४० लिहा. चार-पाच इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही. अगदीच अशक्य असेल तिथे आकड्याऐवजी इंग्रजी 'एक्स' चालतो, पण शंभराचे दहा झाले तर तो 'एक्स' सांगणार नाही.

जुन्या वह्याही घ्या. तारीख आणि जागा आहे पण वेळ नाही, अशा नोंदी 'हिस्टॉरिकल' प्रकारात जातात. तिथे पूर्ण यादीचा दावा करू नका.

एखादे दिवशी नोंद तपासणाऱ्या स्वयंसेवकाची मेल येईल : हा पक्षी कसा ओळखलात, फोटो आहे का? मनाला लावून घेऊ नका. त्या भागात, त्या महिन्यात पक्षी किंवा आकडा वेगळा वाटला की संगणकच खूण करतो. रंग, चोच, आवाज, जे पाहिलं-ऐकलं ते चार ओळींत कळवा. वर्गात उत्तरपत्रिका तुम्हीही तपासल्यात की.

पुतण्याला एक काम सांगा : सेटिंगमध्ये पक्ष्यांची नावं मराठीत करून द्यायला.