बायोसमधले सहा टक्के आणि कार्डावरचे पन्नास

पत्र, थोडक्यात: सांगलीजवळ राहतो, वय ३१. लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करतो. घरी आई, बायको, दोन वर्षांची मुलगी. वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला ४५ हजार सुटतात, पण चातुर्मासात हात रिकामेच. २०२० चा डेस्कटॉप आहे: रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५०. एका लग्नाच्या एक्सपोर्टला तीन तास लागतात. मित्र म्हणतो, बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन ओव्हरक्लॉक कर, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळव, २० टक्के स्पीड फुकट मिळतो. लिक्विड कूलर आणि चांगला एसएमपीएस (पॉवर सप्लाय) तेवढा घ्यावा लागेल, १३ हजार. नाहीतर ९० हजारांचा नवा पीसी नो-कॉस्ट ईएमआयवर घ्यायचा. मशीन फास्ट झालं की सीझनला चार लग्नं जास्त घेता येतील. खात्यात ४० हजार आहेत, पार्ट्यांकडून ७० हजार येणं आहे. हप्त्याची काळजी नाही, क्रेडिट कार्डाचं मिनिमम ड्यू मी आजवर चुकवलेलं नाही, सध्या थकबाकी १,१०,००० दिसतेय. पॉलिसीचा ६० हजारांचा हप्तासुद्धा मार्चमध्ये कार्डावरून वेळेत भरला. तर ओव्हरक्लॉक करू की नवीन घेऊ?

दोन्ही नको. विचारलेल्या प्रश्नाचं आधी उरकतो.

फुकटच्या स्पीडला १३ हजार लागतात, तिथेच मित्राचं गणित फसलंय. तुमचा प्रोसेसर गरज पडेल तसा स्वतःच ४.२ गिगाहर्ट्झपर्यंत चढतो. सगळे सहा कोअर कामाला लागले की साधारण ३.९-४ वर टिकतो. बायोसमध्ये मल्टिप्लायर ४२ वर, म्हणजे वेग कायमचा ४.२ वर बांधून टाकला, तर मिळतील फार तर पाच-सहा टक्के. तीन तासांच्या एक्सपोर्टमधली दहा मिनिटं. वीस टक्के कुठून येणार?

आता त्याची किंमत बघा. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मित्राने सांगितलेलं १.४ व्होल्ट कायमचं लावलंत आणि एरवी लोडखाली ते १.२५ च्या आसपास असलं, तर उष्णता जवळजवळ एक तृतीयांशाने वाढली. म्हणून तर लिक्विड कूलर लागतोय. एवढ्या व्होल्टेजवर रोज तासन्तास एक्सपोर्ट चालवला तर चिप लवकर झिजते, आणि ओव्हरक्लॉकमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. तुमची वॉरंटी तशीही संपली असेल, म्हणजे बिघडला की खिशातूनच. त्यात अर्धवट स्थिर मशीन पाच मिनिटांच्या चाचणीत पास होतं आणि रात्री दोन वाजता ९० टक्के एक्सपोर्ट झाल्यावर निळा पडदा दाखवतं. सकाळी नवरीच्या वडिलांचा फोन तुम्हाला घ्यायचाय, मित्राला नाही. शिवाय तुम्हीच लिहिलंय, त्याचं मशीन इंटेलचं के मालिकेतलं आणि झेड चिपसेटचं. तुमचं एएमडीचं. त्याच्या सेटिंगचे आकडे तुमच्या बोर्डावर उतरवून काढण्यात काही अर्थ नाही.

एक गोष्ट मात्र बायोसमध्ये जाऊन जरूर करा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत रॅम २४०० वर चाललेली दिसते. बिलावर ३२०० ची लिहिली आहे. म्हणजे पाच वर्षांपूर्वी असेंबल करणाऱ्याने रॅमचं पूर्ण वेगाचं प्रोफाइल चालूच केलं नाही. बोर्डाच्या कंपनीप्रमाणे त्याला एक्सएमपी, ए-एक्सएमपी किंवा डीओसीपी म्हणतात. ते चालू करा, सेव्ह करा, दोन दिवस नेहमीचं काम करून बघा. नियमाने हाही ओव्हरक्लॉकच, पण ती रॅम त्याच वेगासाठी विकलेली आहे. मशीन सुरूच झालं नाही तर बोर्डावरचं सीमॉस क्लिअर केलं की मूळ सेटिंग परत येतं. प्रीमियर या सॉफ्टवेअरमध्ये एडिटिंग करत असाल तर एक्सपोर्ट करताना 'परफॉर्मन्स' या रकान्यात हार्डवेअर एन्कोडिंग निवडलंय का तेही बघा. ते काम तुमचं ग्राफिक्स कार्ड करू शकतं. खर्च शून्य.

चार जास्तीच्या लग्नांचं म्हणाल तर तुमच्याच पत्रात उत्तर आहे. गेल्या सीझनला दोन कामं सोडलीत ती मुहूर्त एकाच दिवशी आले म्हणून. मुहूर्त काही बायोसमधून बदलत नाहीत. एक्सपोर्ट रात्री तुम्ही झोपल्यावर चालतो. त्यात दहा मिनिटं वाचली म्हणून एकाही घरचं लग्न जास्त मिळणार नाही.

इथे तुमचा प्रश्न संपला. आता शेवटच्या दोन वाक्यांकडे येऊ, जी तुम्ही कौतुकाने लिहिलीत.

मिनिमम ड्यू चुकवलं नाही म्हणजे कर्ज फेडतोय असं नाही. तुमच्या स्टेटमेंटवर महिन्याला ३.५ टक्के व्याज छापलंय. १,१०,००० वर झाले ३,८५०. व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ७००. साडेचार हजार नुसते व्याजाचे. तुम्ही भरता ५,५००. मुद्दल उतरतं जेमतेम हजाराने, तेही कार्ड पुन्हा घासलं नाही तर. वर्षाला सरळ हिशोबाने ५० टक्के पडतात. आणि मागची थकबाकी असली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. पेट्रोल भरलं त्या दिवसापासून मीटर चालू. याच कार्डावर ९० हजारांचा ईएमआय चढवायचा होता तुम्हाला! नो-कॉस्ट म्हणजे प्रोसेसिंग फी, व्याजाच्या भागावरचा जीएसटी आणि रोखीत मिळाली असती ती सूट घालवणं, हे वेगळंच.

आणि या ५० टक्क्यांच्या पैशातून पॉलिसी भरलीत.

पॉलिसीचं पहिलं पान मी मागवून घेतलं. वर्षाला ६० हजार, १२ वर्षं भरायचे, २० व्या वर्षी साधारण १४ लाख. विमा ६ लाखांचा. बँकेतल्या साहेबांनी 'एफडीच समजा, वर विमा फुकट, पैसे दुप्पट' असं सांगितलं म्हणे. ७ लाख २० हजारांचे १४ लाख, दुप्पट खरंच. किती वर्षांत? एकेक हप्ता सरासरी साडेचौदा वर्षं अडकतो. म्हणजे वर्षाला पाच टक्क्यांच्याही आत. एफडी म्हणून विकलेली ही वस्तू एफडीलाही हरते, आणि ती तुम्ही पन्नास टक्क्यांनी पैसे उचलून विकत घेताय. असल्या विक्रीचा मला मनस्वी राग येतो. साहेबांचं टार्गेट त्या मार्चमध्ये पूर्ण झालं, तुमचं भोक अजून वाढतंय.

विमा तरी पुरेसा आहे का? घरखर्च ३० हजार धरला तर ६ लाख वीस महिने पुरतील. मुलगी दोन वर्षांची आहे.

तीन हप्ते, १.८० लाख गेलेत. अशा पॉलिसीत तिसऱ्या वर्षी सरेंडरची, म्हणजे मुदतीआधी पॉलिसी मोडण्याची, हमी भरलेल्या हप्त्यांच्या ३५ टक्क्यांची, म्हणजे ६३ हजारांच्या आसपास. स्पेशल सरेंडर व्हॅल्यू त्याहून जास्त निघू शकते. कंपनीकडून आकडा लेखी मागा, बँकेतल्या साहेबांकडून तोंडी नको. एक लाख सतरा हजारांचं नुकसान पोटात दुखेल, कळतं मला. मग पेड-अप करून ठेवू का, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच राहू देऊ का, असं तुम्ही विचारणारच. तसं केलंत तर १२ पैकी ३ हप्ते भरलेत म्हणून ६ लाखांचा चौथा हिस्सा, दीड लाख, १७ वर्षांनी हातात येईल, वर जमला असेल तो थोडाफार बोनस. तेच ६३ हजार आज साध्या सात टक्क्यांनी ठेवले तरी १७ वर्षांत दोन लाखांच्या घरात जातात. आणि तुमच्याकडे तर आज ५० टक्के वाचवायची जागा आहे. सरेंडर करा. विक्रीबद्दल तक्रार करायची असेल तर आधी कंपनीकडे लेखी, महिनाभरात दाद लागली नाही तर पुण्यातल्या विमा लोकपालांकडे. पण विक्रेत्याचं 'दुप्पट' तोंडीच होतं, त्यामुळे त्या आशेवर बाकीची कामं अडवू नका.

क्रम असा. खात्यातल्या ४० पैकी ३० हजार आजच कार्डात भरा. उरले ८०. सरेंडरचे ६३ आले की उरले १७. ते येणं असलेल्या ७० मधून. आणि ते ७० अडकलेत कारण तुम्ही शेवटचा हप्ता न घेता पेनड्राइव्ह देऊन टाकता. लोक लग्नाच्या आठवड्यात कॅटररला रोख मोजतात आणि तुम्हाला सहा महिने 'बघू' म्हणतात, कारण तुमच्याकडून त्यांना घ्यायचं काही उरलेलं नसतं. यापुढे पैसे आधी, फाइल नंतर. वसुलीतून उरतील त्या ५० हजारांना हात लावू नका, चातुर्मास त्यावर काढायचाय.

सुटलेल्या ६० हजारांच्या हप्त्यातून १ कोटीचा टर्म प्लॅन (नुसता विमा, परतावा नाही) घ्या. निर्व्यसनी माणसाला तुमच्या वयात वर्षाला बारा-पंधरा हजार पडतात. तुम्ही, बायको आणि मुलगी अशा तिघांचा आरोग्य विमा आणखी वीस हजारांच्या आगेमागे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. टर्म प्लॅन सरेंडरच्या अर्जाआधी हातात असू द्या.

कार्ड शून्यावर आल्यावर, आणि तेव्हाच, पंधरा हजारांच्या आसपास मिळणारा रायझन ७ ५७०० एक्स बघा. आठ कोअरचा आहे, बायोस अपडेट केल्यावर तुमच्या बी४५० बोर्डावर बसतो, आणि एक्सपोर्टमध्ये खरोखर तीस-चाळीस टक्क्यांचा फरक देतो. बोर्ड, रॅम, कॅबिनेट तेच. अपडेट मात्र यूपीएसवर करा. मध्येच लाईट गेली तर बोर्ड मरू शकतो.

या आठवड्यात एकच काम राहिलं: कार्डावर पॉलिसीचा ऑटो-डेबिट लावलेला असणार, तो बंद करा. नाहीतर तुम्ही सरेंडरचा फॉर्म भरत बसाल आणि चौथा हप्ता गेलेला असेल.