बाणाचा बांबू उपाशी वाढवा

प्रश्न : मुलगी शाळेकडून धनुर्विद्या खेळते, इंडियन राउंडमध्ये, म्हणजे बांबूच्या धनुष्यबाणाच्या प्रकारात. बांबूचे बाण घरीच करावेत म्हणून बांधावर दहा रोपे लावायची आहेत. रोपवाटिकावाला जाड बांबूची टिश्यू कल्चर रोपे आणि सोबत खतांचे वेळापत्रक देतो आहे. जात कोणती घ्यावी, खत किती द्यावे?

उत्तर : वेळापत्रक त्याचे त्याला परत करा. ते वासे-खांब करणाऱ्यासाठी आहे, तुमच्यासाठी नाही.

झाडाच्या खोडासारखी बांबूची काठी वर्षागणिक जाड होत नाही. कोंब जमिनीतून जेवढा जाड निघतो, तेवढीच काठी राहते. त्यामुळे बालकुवासारखा मनगटाएवढा बांबू घेऊन बारीक काठीची वाट पाहणे व्यर्थ. कोकण-घाटमाथ्यावर असाल तर चिवा किंवा माणगा घ्या, बाकी कोरडवाहूला मानवेल. परदेशी ‘बाणाचा बांबू’ म्हणून कोणी महागडे रोप दाखवले तर ते थंड हवामानाचे आहे एवढे लक्षात ठेवा, आपल्या उन्हाळ्यात नादाला लागू नका. कंद आणणार असाल तर फुलोऱ्यावर आलेल्या बेटातला नको. मूळ बेटाबरोबर तोही फुलून मरतो.

आता खत. मानवेल माळावर, खडकाळ जमिनीत भरीव निघतो. तोच कसदार आणि पाण्याच्या जमिनीत पोकळ निघतो. बाणाला भरीव हवा. म्हणजे जे खत-पाणी तुम्ही कौतुकाने घालणार तेच काडी बिघडवणार. लावताना खड्ड्यात शेणखत, पहिले दोन उन्हाळे जगण्यापुरते पाणी, पुढे बेटाचाच पालापाचोळा बुडाशी. युरिया नाही. ‘थोडा’ युरियाही नाही. काठ्या बारीक राहाव्यात म्हणून आंब्याला घालतात ते वाढ रोखणारे पॅक्लोब्युट्राझोल ओतायला सांगणारे दुकानदारही भेटतील. तो खर्च आणि ते औषध दोन्ही बांधापासून लांब ठेवा.

आणखी एक. लागवडीनंतर पहिली दोन-तीन वर्षे करंगळीएवढ्या काठ्या येतात आणि लोक त्या निरुपयोगी म्हणून छाटून टाकतात. तुम्हाला त्याच हव्यात. राहू द्या, पिकू द्या.

पिकणे म्हणजे तीन पावसाळे पूर्ण. हे अंदाजाने ठरवू नका. दर दिवाळीला त्या वर्षीच्या नव्या काठ्यांवर रंगाचा पट्टा मारा, वर्षाला एक रंग. मी प्रत्येक बेटावर हे सांगतो आणि दहातले नऊ जण करत नाहीत. मग हिरवीगार कोवळी काठी तोडतात, ती वाळताना सुरकुतते, वाकडी होते, आणि दोष जातीला देतात. डबीभर रंग लागतो, बाकी काही नाही.

काठी बारीक मिळालीच नाही तर अडून बसू नका. मानवेलाची पक्की काठी फोडा, साधारण 12 मिलिमीटरच्या पट्ट्या काढा आणि तासून 8 मिलिमीटरवर आणा. बाहेरची साल शक्य तितकी राखा, ताकद तिथेच आहे. तासायचे ते आतल्या मऊ बाजूने. अखंड काठी वापरलीत तर बुडखा टोकाकडे, शेंडा पिसांकडे. दोरीची खाच अशी कापा की तिच्या लगेच पुढे गाठ येईल, नाहीतर बाण सुटतानाच चिरेल. वर दोऱ्याची घट्ट गुंडाळी हवीच.

प्रश्न : एप्रिलमध्ये तोडलेल्या काठ्यांना महिन्याभरात भुंगा लागला, पीठ पडते आहे. दुकानदार क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाच्या दुप्पट मात्रेत बुडवायला सांगतो.

उत्तर : बुडवू नका. दुप्पट नाही, एकपटही नाही. हा बाण मुलांच्या हातात राहणार आहे. कुंपणाच्या खांबांना लावतात ते तांबे-क्रोम-आर्सेनिकचे औषधही याच कारणासाठी नको.

चूक औषधाची नाही, महिन्याची आहे. उन्हाळ्यात, पुढच्या कोंबांच्या तयारीत, काठीत पिष्ट भरलेले असते आणि भुंगा त्यासाठीच येतो. पावसाळा सरल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारीत तोडा. अमावास्येला तोडायची तुमच्याकडे रीत असेल तर खुशाल पाळा, पण अमावास्या हिवाळ्यातली धरा. कोंब फुटत असताना बेटात कोयता घेऊन जाऊच नका. जमिनीपासून वीतभर वर, गाठीच्या लगेच वर कापा, म्हणजे खुंटात पाणी साचणार नाही.

पीठ पडलेल्या काठ्या जाळा. पुढच्या खेपेला काठ्या वाहत्या पाण्यात दोन आठवडे दाबून ठेवा. ओढा नसेल तर 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम बोरिक ॲसिड आणि 300 ग्रॅम बोरॅक्स विरघळवून फोडलेल्या पट्ट्या त्यात दोन दिवस ठेवा. भांडे स्वयंपाकाचे नको, मुले-गुरे लांब. जास्त घातल्याने जास्त टिकत नाही. नंतर जुड्या घट्ट बांधून सावलीत वाळवा, उन्हात टाकल्या की तडकतात. वाळल्यावर निखाऱ्यावर, ज्वाळेवर नाही, गाठीजवळ शेकून सरळ करा आणि थंड होईपर्यंत हाताने धरून ठेवा.

प्रश्न : अनुदान मिळते का? तोडीचा परवाना लागतो का?

उत्तर : 2017 च्या दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेरचा बांबू भारतीय वन कायद्यात ‘झाड’ राहिलेला नाही, स्वतःच्या बांधावरचा तोडायला त्या कायद्याखाली परवाना लागत नाही. लागवडीला रोजगार हमी आणि राष्ट्रीय बांबू अभियानातून मदत मिळत आली आहे, सध्या काय चालू आहे ते सातबारा घेऊन तालुका कार्यालयात विचारा. दहा रोपांसाठी मात्र फाइल करत बसू नका, तेवढ्यात जूनचा पहिला पाऊस निघून जाईल.